बालविभागाचे कुलूप

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जुन्या सार्वजनिक वाचनालयात शिरले की बालविभाग शोधायला फार कष्ट पडत नाहीत. तो बहुधा जिन्याखालच्या जागेत असतो, नाहीतर वर्तमानपत्रांच्या दालनामागे, दिवा लावल्याशिवाय दुपारीही नीट दिसत नाही अशा खोलीत. साडेसहा फूट उंचीची दोन-तीन लोखंडी कपाटे, त्यांना काचेची दारे, काचेवर चिकटवलेले सशाचे चित्र, आणि किल्ली देवघेवीच्या टेबलाच्या खणात. मुलाने पुस्तक मागायचे, ग्रंथपालांनी हातातले काम संपवून उठायचे, कुलूप काढायचे आणि मुलाच्या वयाकडे एक नजर टाकून आपल्याच अंदाजाने एक पुस्तक त्याच्या हाती ठेवायचे, अशी देवघेव वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. अलीकडे अशा खोल्यांचा कायापालट करण्याची टूम निघाली आहे आणि ती निघाली हे चांगलेच झाले; पण या कायापालटात भिंती रंगतात, प्लॅस्टिकची घसरगुंडी येते, हिरवळीसारखा दिसणारा गालिचा येतो आणि किल्ली मात्र त्याच खणात राहते. मुलांसाठी खेळकर जागा रचण्याचा सगळा प्रश्न माझ्या मते त्या किल्लीपासून सुरू होतो.

कुलूप का आले हे समजून न घेता त्याला नावे ठेवणे सोपे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्या कायद्याने गावोगावच्या संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळू लागले, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि हजारो लहानमोठी वाचनालये एका व्यवस्थेत आली. कर्नाटक किंवा तमिळनाडूप्रमाणे ग्रंथालयासाठी वेगळा कर बसवण्याची तरतूद मात्र आपल्या कायद्यात नाही, त्यामुळे वाचनालयाचा गाडा शासनाच्या वार्षिक अनुदानावर आणि सभासदांच्या वर्गणीवर ओढला जातो. ग्रंथपालांचे वेतन तुटपुंजे असते आणि प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत क्रमांकानिशी उभे असते. तपासणीच्या वेळी ते पुस्तक मांडणीवर दिसले नाही तर खुलासा त्यांनाच करावा लागतो. अशा माणसाने पन्नास रुपयांचे चित्रांचे पुस्तक कुलपात ठेवले तर त्यात दुष्टपणा नाही, स्वतःला सांभाळणे आहे. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिलेच सूत्र ग्रंथ उपयोगासाठी आहेत असे सांगते, आणि त्याच्या विवेचनात ते मध्ययुगीन युरोपातल्या साखळीने बांधलेल्या ग्रंथांची आठवण देतात. ग्रंथपालनाचे शिक्षण घेणारा प्रत्येक जण हे सूत्र पाठ करतो, आणि नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवशी त्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा दिला जातो.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी काही वर्षे आहे, आणि बालविभागाच्या नूतनीकरणासाठी एका देणगीदारांनी रक्कम देऊ केली तेव्हा ते काम माझ्याकडे आले. सर्वांत आधी आले ते ठेकेदाराचे दरपत्रक. त्यात घसरगुंडी होती, रंगीत चेंडूंचा हौद होता, झाडाच्या आकाराचे फायबरचे कपाट होते आणि चारही भिंतींवर दूरचित्रवाणीवरची कार्टूनपात्रे रंगवून देण्याची तयारी होती. मॉलमधल्या खेळघराची ती स्वस्तातली नक्कल होती. असल्या वस्तूंविषयी माझी तक्रार सौंदर्याची नाही, उपयोगाची आहे. घसरगुंडीवर एकच गोष्ट करता येते, आणि ती गोष्ट गावातल्या बागेत अधिक चांगल्या रीतीने, अधिक उंचीवरून करता येते. वाचनालयातली छोटी घसरगुंडी खोलीचा तिसरा हिस्सा अडवते आणि महिन्याभरात तिच्यावर दप्तरे ठेवली जातात. भिंतीवर एकदा वाघ रंगवला की ती भिंत कायमची वाघाची होते. तिच्यावर उद्या समुद्र किंवा रेल्वेचे स्थानक उमटण्याची शक्यता संपते. मुलांना खेळायला लागते ती अर्धी सोडलेली वस्तू, आणि दरपत्रकातली प्रत्येक वस्तू पुरी करून आणलेली होती.

त्या काळात मी संध्याकाळच्या वेळी वाचनालयात नुसता बसून राहत असे. शाळा सुटल्यावर येणारी मुले बालविभागातल्या छोट्या रंगीत खुर्च्यांवर क्वचितच टेकत; त्यांची खरी जागा होती वर्तमानपत्रांच्या लांबट टेबलाखाली, म्हाताऱ्या वाचकांच्या पायांच्या पलीकडे, भिंतीला लागून. तिथे एक आठ-नऊ वर्षांची मुलगी रोज आपल्या धाकट्या भावाला घेऊन बसत असे आणि ग्रंथपाल ताईंकडून मागून घेतलेले पुस्तक त्याला वाचून दाखवत असे. वाचताना तिचे एक बोट ओळीवर आणि दुसरा हात भावाच्या सदऱ्याच्या टोकावर असे. शेजारी मोठ्यांची खुर्ची रिकामी दिसली म्हणून मी वाकून विचारले, “अगं, वर का बसत नाहीस?” ती म्हणाली, “काका, वर पाय लोंबतात. आणि हा पळून जातो.” मग तिने मला बाजूला व्हायला सांगितले, कारण मी उजेड अडवत होतो.

तिच्या दोन वाक्यांत जागेच्या रचनेचे जवळजवळ सगळे शास्त्र होते. मोठ्यांच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण १८ इंचांवर असते. पाच वर्षांच्या मुलाची पावले जमिनीला टेकायची तर ती ११-१२ इंचांवर हवी, आणि मुले इतक्या भराभर वाढतात की कोणत्याही एका उंचीची खुर्ची खोलीतल्या निम्म्या मुलांना गैरसोयीचीच ठरते. जमीन मात्र सगळ्यांच्या उंचीची असते. पालथे पडून, कोपरांवर डोके तोलून, भिंतीला पाय लावून उताणे झोपून, आईच्या मांडीत रेलून अशा ज्या आसनांत मुले प्रत्यक्ष वाचतात, त्यांतले एकही खुर्चीवर जमत नाही. दुसरी गोष्ट आडोशाची. लहान मुलाला मोठ्या हॉलच्या मधोमध ठेवले की ते धावत सुटते, आणि तीन बाजूंनी बंद, चौथ्या बाजूने उघड्या जागेत ते स्थिरावते. आपल्या जुन्या वाड्यांच्या बांधणीत असल्या जागांची रेलचेल होती. ओटा होता, पडवी होती, जिन्याखालची खोपी होती, भिंतीत एखादे मूल पाय दुमडून बसेल एवढा कोनाडा होता. वाडे पाडून त्या जागी सिमेंटचे चौकोनी गाळे बांधताना आपण मुलांच्या बसण्याच्या सगळ्या जागा पाडल्या हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

म्हणून दरपत्रक परत गेले आणि गावातल्या सुताराला बोलावले. त्याला दोन कामे दिली. पहिले, भिंतीलगत गुडघ्याएवढ्या उंचीचा लाकडी ओटा, ज्याच्या खाली मुलाला शिरता येईल आणि वर बसता येईल. दुसरे, पुस्तकांची मांडणी. हे दुसरे काम फार वादाचे ठरले. मराठीतली लहान मुलांची बरीचशी पुस्तके १६ किंवा २४ पानांची, मधोमध पिना मारलेली असतात. त्यांना पाठच नसते, त्यामुळे कपाटात उभी लावली की त्यांच्या नावांऐवजी कागदाच्या कडांची एक पांढरी ओळ तेवढी दिसते. लिहितावाचता न येणाऱ्या मुलाला ती ओळ काय सांगणार? अशी पुस्तके मुखपृष्ठ समोर करून, उतरत्या फळीवर, खाली एक आडवी पट्टी ठोकून लावावी लागतात. सुतारकाकांनी हिशेब घातला आणि म्हणाले, “साहेब, एवढ्या भिंतीला उभी लावली तर पाचशे मावतील. तुम्ही म्हणता तशी साठसुद्धा नाही बसायची.” त्यांचे गणित बरोबर होते. त्यावर तोडगा असा निघाला की समोर साठच ठेवायची, दर शनिवारी ती बदलायची आणि उरलेली पुस्तके ओट्यावरच्या उथळ खोक्यांत, वरून एकेक पालटत पाहता येतील अशी ठेवायची. सर्वांत वरची पट्टी चार फुटांच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण साडेतीन फुटांच्या मुलाचा हात तिथपर्यंत सहज पोचतो. त्याच्या वरची भिंत कोरी राहिली. ती कोरी दिसते म्हणून मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांना अजून चैन पडत नाही. तिथे थोर पुरुषांच्या तसबिरी लावाव्यात अशी त्यांची सूचना आहे आणि ती मी शक्य तितकी लांबवत आलो आहे.

फरशीचा विचार सुचला तो वेगळ्याच कारणाने. महाराष्ट्रातल्या लेण्यांत, किल्ल्यांवर आणि जुन्या देवळांच्या ओट्यांवर दगडात कोरलेले खेळांचे पट आढळतात. कुठे मंकळ्याच्या खळग्यांच्या दोन रांगा, कुठे फुलीच्या घरांचा चौकोन. पहाऱ्यावरच्या शिपायांनी, वाटसरूंनी, गुराख्यांनी ते कोरले असावेत. सार्वजनिक जागेत बसलेल्या माणसाला खेळावेसे वाटणारच हे त्या काळी सर्वांना मान्य असावे, नाहीतर देवळाच्या पायरीवर छिन्नी चालवू कोणी दिली असती? आमच्या बालविभागात कोटा फरशी होतीच. फरशीवाल्याने तिच्यावर कटरने पाच घरे गुणिले पाच घरांचा चल्लस-आठचा पट कोरून दिला आणि फुल्यांच्या घरांत काळे सिमेंट भरले. त्याला वेगळे साहित्य लागत नाही. चार अर्धे फोडलेले चिंचोके फाशांच्या जागी आणि बांगड्यांचे तुकडे, खडे, बिया असे काहीही सोंगट्यांच्या जागी चालते. खेळाचे नियम मात्र एकाही मुलाला येत नव्हते, आणि मुलांच्या आईबापांनाही नव्हते. ते येत होते वर्तमानपत्राच्या दालनातल्या आजोबा मंडळींना. त्यांतले दोघे-तिघे चष्मा सावरत जमिनीवर येऊन बसले, आणि कोणत्या घरात सोंगटी मारता येत नाही यावरून त्यांच्यातच जुंपली. पटाशेजारच्या ओट्यावर आम्ही अंकगणिताच्या गमती, कोडी, किल्ले आणि लेणी यांच्यावरची पुस्तके ठेवली. आपला डाव येईपर्यंत थांबलेले मूल हात रिकामे ठेवत नाही, एवढे साधे त्यामागचे गणित होते.

खेळण्यासाठी वस्तू किती पुऱ्या असाव्यात आणि किती अपुऱ्या, याचा विचार जगात पुष्कळ झालेला आहे. १९४३ साली, जर्मन फौजांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे सोरेनसेन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून भंगाराचे क्रीडांगण उभे राहिले. तिथे झोके-घसरगुंड्या नव्हत्या. फळ्या, विटा, दोर, जुनी चाके होती आणि मुलांनी त्यांतून हवे ते बांधायचे होते. इंग्लंडच्या सायमन निकोल्सन यांनी १९७१ साली याला सुट्या भागांचा सिद्धान्त म्हटले. एखाद्या जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा वस्तू जितक्या अधिक, तितका तिथल्या माणसांच्या कल्पकतेला वाव अधिक, असा त्याचा आशय. हे वाचताना मला सतत ताराबाई मोडक आठवत होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम केल्यानंतर, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामात आयुष्य घातलेल्या या बाईंनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, पुढे ते काम अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉंटेसरीची परदेशी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पाने, माती आणि गावच्या कारागिराने केलेल्या वस्तू साधने म्हणून वापरल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. आज देशभर जो शब्द सरकारी कागदांवर फिरतो, त्या अंगणवाडीची कल्पना या धडपडीतून आलेली आहे. इतके घरचे धन असताना आपल्या बालविभागांना फायबरचे झाड विकत घ्यावेसे वाटते, याचे मला खरोखर नवल वाटते.

आम्ही एका कोपऱ्यात तीन टोपल्या ठेवल्या. एकीत सुताराकडचे घासून गुळगुळीत केलेले लाकडाचे तुकडे, दुसरीत जुन्या सुती साड्या आणि धोतरांचे कापड, तिसरीत पुठ्ठे आणि दोऱ्या. साडीचे काय काय होते हे पाहण्यासारखे असते: ती नदी होते, तंबू होते, राणीचा शेला होते आणि एकदा ती साप झाली तेव्हा तिच्याआड सहा मुले एका ओळीत सरपटत होती. यात वाचन कुठे आले, असा प्रश्न मंडळाच्या सभेत विचारला गेला आणि तो रास्त होता. खेळाचे आमिष दाखवून मुलाला पुस्तकापर्यंत आणायचे, अशी माझी भूमिका नाही. आमिषाने आलेले मूल आमिष संपले की निघून जाते. मूल लाकडाच्या तुकड्याला गाडी म्हणते तेव्हा ते एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू आहे असे धरून चालते, आणि कागदावरच्या काळ्या खुणांच्या जागी वाघ आहे असे धरून चालणे हे त्याच जातीचे काम आहे. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी २००४ पासून लहान मुलांच्या पालकांसाठी जो उपक्रम चालवला, त्याच्या २०११च्या आवृत्तीत बोलणे, गाणे, वाचणे, लिहिणे यांच्या जोडीला खेळणे हा पाचवा भाग सारख्याच मानाने मांडला गेला, तो याच समजुतीतून.

सर्वांत अवघड प्रश्न आवाजाचा निघाला, आणि तो केवळ आमच्या वाचनालयाचा नाही. गेल्या काही वर्षांत गावोगावच्या वाचनालयांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका निघाल्या आहेत. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा अशा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे बसतात, महिन्याचे शुल्क भरतात, आणि कित्येक ठिकाणी वाचनालयाचे वीजबिल त्यांच्याच शुल्कातून भरले जाते. घरी एका खोलीत सात माणसे राहत असताना या मुलांना मिळणारी ती एकमेव शांत जागा असते. त्यांच्या शेजारी साडीचा साप करणारी मुले आणून बसवणे हा दोघांवरही अन्याय आहे, आणि “शांतता राखा” या पाटीने तो सुटत नाही. ती पाटी नेहमी दुबळ्याच्या, म्हणजे लहानाच्या, विरोधात वाचली जाते. आम्ही आधी खोलीकडे पाहिले. सिमेंटचा गिलावा, फरशी, लोखंड आणि काच या चारही गोष्टी आवाज परतवणाऱ्या. त्यामुळे दहा मुलांचा गलबला चाळीस मुलांचा वाटे. काचेची कपाटे गेली, उघड्या मांडणीवर पुस्तके आली, खाली जाड सतरंज्या आल्या, अभ्यासिकेच्या बाजूच्या भिंतीवर बचत गटाच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या टांगल्या गेल्या आणि आवाज बराच खाली आला. गोधड्या अशा ठिकाणी टांगल्या की मुले टेकली तरी चालेल. शिवाय मागच्या परसातले वर्षानुवर्षे बंद असलेले दार उघडून मुलांची ये-जा तिकडून केली. एवढे करूनही संध्याकाळी पाच ते सात या वेळात अभ्यासिकेतली मुले नाराज असतात. त्यांची नाराजी खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे पुरते उत्तर नाही. दोन मजले असते तर ते उत्तर सोपे झाले असते.

परदेशातली ग्रंथालये याच प्रश्नाला पैशाच्या आणि जागेच्या बळावर उत्तर देतात, आणि त्यांची छायाचित्रे नातेवाइकांच्या कृपेने आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर नित्य येतात. हेलसिंकीचे ऊदी ग्रंथालय डिसेंबर २०१८ मध्ये उघडले; त्याच्या वरच्या मजल्यावर पुस्तके आणि मुलांचा विभाग एकाच प्रशस्त, उजेडाच्या दालनात आहेत, त्या दालनाची लाकडी जमीन टोकांना उतार घेत वर चढते आणि मुले त्या उतारावरून हौसेने लोळतात. तिथे जमीनच खेळणे झाली आहे, आणि त्यासाठी जमिनीखेरीज काही विकत घ्यावे लागलेले नाही. डेन्मार्कमधल्या आरहूस शहराचे डोक १ हे ग्रंथालय २०१५चे. शहराच्या रुग्णालयात मूल जन्मले की आईबाप एक कळ दाबतात आणि ग्रंथालयाच्या मध्यभागी टांगलेली प्रचंड घंटा वाजते. वाचणारे क्षणभर मान वर करतात. गावात आलेल्या नव्या माणसाची वर्दी ग्रंथालयाला आधी द्यायची, ही कल्पना मला त्या इमारतीच्या बाहेर मांडलेल्या क्रीडांगणापेक्षाही भावली. स्टॉकहोमच्या सांस्कृतिक केंद्रात २०११ पासून दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी जे ग्रंथालय आहे, त्यात मोठ्यांना प्रवेश नाही. आईबापांनी दाराशी थांबायचे. आत पुस्तकांबरोबर स्वयंपाकघर आहे, शिवणकाम आहे, आणि काय वाचावे हे सांगायला येणारे कोणी मागे उभे नाही. आपल्याकडे हे वय सर्वांत बेवारशी असते: चित्रांची पुस्तके बालिश वाटू लागलेली, मोठ्यांच्या कादंबऱ्यांचे कपाट अजून बंद, आणि शिकवणीचे वर्ग मानगुटीवर बसलेले. त्यांच्यासाठी वेगळी खोली आम्हाला शक्य नाही. माळ्यावर जाणारा जिना आणि माळ्याची अर्धी जागा तेवढी त्यांना देऊन टाकली आहे, आणि तिथे मोठ्या माणसाला उभे राहता येत नाही एवढी छताची उंची कमी आहे हा निव्वळ योगायोग आम्हाला फार उपयोगी पडला.

आपल्याकडची उदाहरणे मागे नाहीत. पाचगणीजवळच्या भिलारला मे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले. वाचक पुस्तके ठेवलेल्या कोणत्याही घरात शिरतो, हवे ते पुस्तक काढतो आणि अंगणात किंवा ओसरीवर बसून वाचतो, पैसे लागत नाहीत, आणि लोक पुस्तके पळवतील ही भीती बाजूला ठेवूनच ते गाव उभे राहिले आहे. चेन्नईच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयातला मुलांचा विभाग भव्य आहे. तिथे मोठे कृत्रिम झाड आहे, आणि फायबरच्या झाडाविषयी वर इतके लिहूनही सांगतो की त्या झाडाच्या बुंध्याशी मुले बसतात, कारण बुंध्याभोवती बसायला जागा ठेवलेली आहे. गोव्यात २००५ पासून काम करणारी बुकवर्म ही संस्था इमारतीपेक्षा माणसावर अधिक भर देते: मुलांसमोर जमिनीवर बसून पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारे कोणीतरी रोज हजर असले पाहिजे, असा तिचा आग्रह. खोलीच्या खर्चात हे माणूस धरलेले नसले की उत्तम सजवलेली खोलीही सहा महिन्यांत जुन्या बाकांची अडगळ होते. आमच्याकडे हे काम ताईंनी आपण होऊन अंगावर घेतले आहे, आणि त्यासाठी त्यांना वेगळे मानधन मिळत नाही ही आम्हा मंडळींना शोभणारी गोष्ट नव्हे.

आता किल्लीकडे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात विसाव्या शतकाच्या आरंभी मुलांचा विभाग उभा करणाऱ्या ॲन कॅरल मूर यांनी शांततेच्या पाट्या उतरवल्या होत्या आणि स्थलांतरितांच्या, फाटक्या कपड्यांच्या मुलांनाही पुस्तके घरी नेऊ दिली होती. त्यासाठी त्यांनी एक मोठी वही ठेवली. पुस्तकांची घरी आणि ग्रंथालयात काळजी घेईन असे वचन वाचून मुलाने तिच्यात आपल्या हाताने नाव लिहायचे. अनामत रकमेऐवजी ही सही. आमच्या मंडळाने ही पद्धत उचलली, मराठीत वाक्य तयार केले आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नावाच्या जागी चित्र काढावे असे ठरवले. त्या वहीत आता कासवे, ट्रॅक्टर, एक अत्यंत रागीट कोंबडा आणि अनेक ओळखू न येणाऱ्या आकृत्या आहेत, आणि कोणती आकृती कोणाची हे ताईंना न पाहता सांगता येते. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे मुलाने आपल्या हाताने पुस्तक काढून घ्यायची रीत, बालविभागात सुरू झाली आणि कपाटे रद्दीत न देता त्यांची दारे काढून ती जुन्या दस्तऐवजांसाठी दुसऱ्या खोलीत नेली.

पुस्तके हरवतात का? हरवतात. त्याहून अधिक फाटतात, त्यांवर चहा सांडतो, मांजराच्या मिशा रंगवल्या जातात, पिना निघून मधली पाने गळतात. पण कुलपात असताना हीच पुस्तके वाळवीने खाल्ली होती आणि त्याचा खुलासा कोणी कोणाला विचारला नव्हता, हे मी सभेत नोंदवून घेतले. ताईंवरचे ओझे उतरवायचे तर भावनेचे भाषण पुरत नाही, ठराव लागतो; म्हणून बालविभागातली पुस्तके झिजण्यासाठीच घेतली जातात असे गृहीत धरून दरवर्षी त्यांतली काही रीतसर निर्लेखित करण्याचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याचा, आणि गहाळ पुस्तकांची जबाबदारी ग्रंथपालांऐवजी मंडळावर घेण्याचा ठराव आम्ही केला. त्यावर दोन सभा वाद झाला. चिकटपट्टी, सुई-दोरा, खळ आणि जुन्या कॅलेंडरचा जाड कागद घेऊन मुलांनीच पुस्तके सांधावीत, अशी सूचना चर्चेच्या ओघात कोणीतरी केली, आणि शनिवारच्या दुपारी ओट्यावर आता तेही चालते.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी राहिल्या आहेत. पहिली पाण्याची. मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर नळ नाही आणि मुलींसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह नाही. एवढ्या कारणाने मोठ्या मुली अर्ध्या तासात घरी जातात, हे ताईंनी सांगेपर्यंत आम्हा पुरुष मंडळींच्या लक्षात आले नव्हते. त्याचे काम नगरपालिकेच्या परवानगीसाठी अडले आहे. दुसरी वेळेची. शाळेला सुटी ती वाचनालयालाही सुटी, असा आमच्याकडे प्रघात आहे, आणि त्यामुळे रविवारी, मुले दिवसभर मोकळी असतात त्याच दिवशी, परसातल्या दाराला बाहेरून कडी असते. रविवारी सकाळी बालविभाग उघडा ठेवावा आणि साप्ताहिक सुटी सोमवारी घ्यावी, हा विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला आहे. ताईंची तयारी आहे, अभ्यासिकेची हरकत नाही. शिपायाचा रविवारचा भत्ता कोणत्या खात्यातून टाकायचा, एवढ्यावर कोषाध्यक्षांचे अडले आहे.